छावणीत जन्मलेले बाबासाहेब आणि परत जाणाऱ्या फौजा

मुरुडहून लातूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर पहाटे पाचला गेलात तर पोरे पळताना दिसतील. लष्कर भरती, पोलीस भरती, जी निघेल ती. त्यांत आपल्या वस्तीतली पोरे कमी नाहीत. रविवारी वंदना झाली की हीच पोरे विहारात थोडा वेळ थांबतात आणि आम्ही काही कार्यकर्ते त्यांच्याशी बोलत बसतो. मागे एका रविवारी विषय निघाला मोठ्या देशांनी परक्या भूमीवर ठोकलेल्या लष्करी तळांचा. एकाचे म्हणणे असे की दुसऱ्याच्या जमिनीवर फौज ठेवणे हाच अन्याय, ती निघालीच पाहिजे. दुसऱ्याने अफगाणिस्तान काढले. 2021 साली अमेरिकेने बगरामचा तळ सोडला, ऑगस्टमध्ये काबूल पडले आणि ज्यांनी 2001 मध्ये बामियानच्या बुद्धमूर्ती फोडल्या तेच परत सत्तेवर बसले. मोठ्या मुलींच्या शाळा बंद झाल्या. मग फौज गेली हे बरे झाले की वाईट? शेवटी नेहमीचा प्रश्न आलाच, की बाबासाहेब काय म्हणाले असते.

बाबासाहेब काय म्हणाले असते हे छातीठोकपणे सांगणाऱ्यांची आपल्याकडे वाण नाही. आम्ही त्या वाटेला जात नाही. पण हा प्रश्न त्यांच्या आयुष्यात पुस्तकातून आलेला नव्हता, घरातून आलेला होता. म्हणून त्यांचे आयुष्यच या एका बाजूने पुन्हा पाहावे, असे आम्हाला वाटले.

सुरुवात महूपासून. 1818 च्या मंदसौरच्या तहानंतर इंग्रजांनी होळकरांच्या मुलखात महूला छावणी बसवली. संस्थान होळकरांचे, छावणी इंग्रजांची. आजच्या भाषेत सांगायचे तर तो परक्या सत्तेचा लष्करी तळच. 14 एप्रिल 1891 रोजी या छावणीत भीमराव जन्मले. वडील रामजी सुभेदार, आजोबा मालोजी हेही फौजेतले, आई भीमाबाई यांचे माहेरही सुभेदारांचे. कोकणातल्या आंबडव्याच्या या घराला गावात महारकी होती. छावणीत मात्र हुद्दा होता, पगार होता, पेन्शन होती आणि सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे शाळा होती. फौजेत शिपायांना आणि त्यांच्या मुलाबाळांना शिक्षण सक्तीचे होते. रामजी स्वतः लष्करी शाळेत मुख्याध्यापक होते.

इंग्रजांनी हे काही उपकार म्हणून केले नव्हते. त्यांना शिपाई हवे होते, आणि हिशेब ठेवू शकणारे, हुकूम वाचू शकणारे शिपाई हवे होते. पण ज्यांना गावात चावडीच्या पायरीवर बसता येत नव्हते त्यांच्या हाती या व्यवहारातून अक्षर आले. ते खोटे ठरवता येत नाही.

आणि मग तेच दार बंद झाले. 1892-93 च्या सुमारास इंग्रजांनी लढाऊ जाती आणि बिगरलढाऊ जाती अशी वाटणी पक्की केली आणि महारांची भरती थांबवली. ज्यांच्या बापजाद्यांनी पलटणीत हाडे झिजवली त्यांना सांगण्यात आले की तुम्ही लढाऊ नाहीत. निवृत्त हवालदार गोपाळबाबा वलंगकरांनी 1894 मध्ये याविरुद्ध अर्ज तयार केला. उपयोग झाला नाही. त्याच सुमारास रामजी निवृत्त झाले आणि कुटुंब दापोलीला, तिथून साताऱ्याला आले. साताऱ्याच्या शाळेत सुभेदाराच्या या मुलाला घरून गोणपाट न्यावे लागे, त्यावर वेगळे बसावे लागे आणि संध्याकाळी ते परत आणावे लागे. नळाला हात लावायची सोय नव्हती. छावणीची हद्द संपली की कोणता देश सुरू होतो हे त्यांना वयाच्या नवव्या-दहाव्या वर्षी कळले. आमच्या मते बाबासाहेबांच्या पुढच्या साऱ्या राजकारणाची गुरुकिल्ली या दोन अनुभवांत आहे. परक्याच्या फौजेने आपल्याला जागा दिली हे खरे. तिने गरज संपताच ती काढून घेतली हेही तितकेच खरे. आणि ती गेल्यावर जे उरले ते आपल्यासाठी जास्त वाईट होते, हे तिसरे.

1914 चे महायुद्ध पेटले तेव्हा इंग्रजांना पुन्हा माणसे हवी झाली. 1917 मध्ये 111 वी महार पलटण उभी राहिली आणि 1921 मध्ये मोडली. चार वर्षांत लढाऊ झालो, चार वर्षांत पुन्हा बिगरलढाऊ! त्याच युद्धात बाबासाहेबांचेही नुकसान झाले. लंडनहून परतताना त्यांची पुस्तके ज्या जहाजात होती ते जहाज बुडवले गेले. माणूस वाचला, ग्रंथ समुद्रात गेले.

याआधी कोलंबियात असताना त्यांनी एक काम केले होते, ज्याकडे आपले तरुण फारसे वळत नाहीत. 1915 मध्ये एम. ए. साठी त्यांनी ईस्ट इंडिया कंपनीच्या कारभारावर आणि अर्थव्यवहारावर प्रबंध लिहिला. फौज कुणाची, लढाई कुणाची आणि बिल कुणाच्या नावावर, हे तिथे जमाखर्चातून दिसते. कंपनीच्या युद्धांचे कर्ज हिंदुस्थानच्या तिजोरीवर चढले, म्हणजे शेवटी शेतसारा आणि मीठ यांवर. पुढे प्रांतिक अर्थव्यवस्थेवरच्या, 1925 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथातही लष्कराच्या खर्चाचे ओझे येतेच. फौजेकडे शौर्याच्या बाजूने पाहणारे पुष्कळ असतात. बाबासाहेबांनी तिच्याकडे हिशेबाच्या वहीतूनही पाहिले.

1 जानेवारी 1927 ला ते कोरेगाव भीमाच्या स्तंभाला गेले. दरवर्षी आपल्याकडे या विषयावर घसा कोरडा होईपर्यंत वाद होतात, म्हणून दोनच वाक्ये. तिथे जाणे म्हणजे इंग्रजांचे गोडवे गाणे नव्हते. ज्यांची नावे दगडावर कोरली त्यांच्या नातवंडांना भरतीच्या रांगेत उभे का करत नाही, हा सवाल त्या जाण्यामागे होता.

हाच सवाल त्यांनी नोव्हेंबर 1930 मध्ये गोलमेज परिषदेत इंग्रजांच्या तोंडावर केला. इंग्रज येण्याआधी आम्हाला विहिरीवर पाणी भरता येत नव्हते, देवळात जाता येत नव्हते, पोलिसात आणि लष्करात जाता येत नव्हते. तुमचे राज्य दीडशे वर्षे झाले, यातले काय बदलले, असा त्या भाषणाचा रोख होता. पुढे संरक्षणविषयक उपसमितीत त्यांनी लष्कराची भरती सर्व जातींना खुली करण्याची मागणी लावून धरली. इंग्रजांचे राज्य जावे आणि लोकांचे राज्य यावे असे त्यांनी तिथे स्वच्छ सांगितले होते. त्यांना इंग्रजांचा हस्तक म्हणणाऱ्यांनी हे भाषण एकदा तरी वाचावे.

पण लोकांचे राज्य म्हणजे कुणाचे? इथे बाबासाहेब आणि बाकीचे पुढारी यांच्या वाटा वेगळ्या होतात. बाकीच्यांसाठी गोरा शिपाई निघून गेला की प्रश्न मिटत होता. बाबासाहेबांचे म्हणणे असे की तो जाताना किल्ली कुणाच्या हातात देऊन जातो ते आधी ठरवा. 1942 मध्ये क्रिप्स आले तेव्हा त्यांनी हेच धरून ठेवले. त्याच्या आदल्या वर्षी ते संरक्षणविषयक सल्लागार मंडळावर होते, आणि ऑक्टोबर 1941 मध्ये बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली. तिच्या पहिल्या बिल्ल्यावर कोरेगावचा स्तंभ होता. 1942 पासून 1946 पर्यंत ते व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री. 1946 मध्ये त्रिमंत्री योजनेने अस्पृश्यांना वाऱ्यावर सोडले तेव्हा शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनने पुण्यात सत्याग्रह केला आणि बाबासाहेब लंडनला जाऊन तिथल्या पुढाऱ्यांना भेटले. मार्च 1947 मध्ये त्यांनी राज्ये आणि अल्पसंख्याक यांवरचे निवेदन तयार केले. संरक्षणाची कलमे, जमिनीचा प्रश्न, स्वतंत्र वसाहती, सगळे त्यात आहे. फौजा परत जाणार हे नक्की झालेले होते. निरोपाचे हारतुरे बाकीचे गुंफत होते आणि हा एक माणूस करारनामा लिहीत होता.

शेवटची गोरी पलटण, सॉमरसेट लाइट इन्फन्ट्री, 28 फेब्रुवारी 1948 रोजी मुंबईच्या गेट वे ऑफ इंडियातून बोटीवर चढली. शाळेत हा प्रसंग शिकवला जातो. आम्हा मराठवाड्यातल्या लोकांसाठी मात्र त्याच काळात दुसरी एक माघार घडत होती, आणि तिच्याबद्दल क्वचितच कुणी बोलते.

थोडे मागे जावे लागेल. निजामाचे राज्य हे नावाला निजामाचे. 1800 च्या तहाने इंग्रजांची तैनाती फौज सिकंदराबादेत कायमची बसली. शिवाय हैदराबाद कंटिन्जंट नावाची आणखी एक फौज, अंमलदार इंग्रज आणि खर्च निजामाचा. तिच्या छावण्या औरंगाबाद, जालना, हिंगोली आणि मोमिनाबाद म्हणजे आजचे अंबाजोगाई येथे. खर्च थकला तेव्हा 1853 मध्ये इंग्रजांनी वऱ्हाड, रायचूर दुआब आणि आमच्या शेजारचा नळदुर्ग जिल्हा ताब्यात घेतला. नळदुर्ग 1860 मध्ये परत मिळाला, वऱ्हाड गेले ते गेलेच. 1902 मध्ये ते वर्षाला 25 लाखांच्या भाड्याने कायमचे इंग्रजांकडे राहिले. दुष्काळी मुलखातल्या रयतेच्या शेतसाऱ्यावर एक परकी फौज पोसली जात होती, एवढाच त्याचा अर्थ.

1947 मध्ये इंग्रज गेले. या छावण्यांतली फौज आता भारताची होती आणि निजामाला ती आपल्या राज्यात नको होती. 29 नोव्हेंबर 1947 ला जैसे थे करार झाला आणि पुढच्या काही महिन्यांत सिकंदराबादची भारतीय फौज काढून घेण्यात आली. कागदावर हे अगदी रीतसर होते. एका सत्तेने दुसऱ्या सत्तेच्या हद्दीतून सैन्य काढले. पण गावात काय झाले? मैदान रझाकारांना मोकळे मिळाले. त्यांचा म्होरक्या कासीम रझवी हा लातूरला वकिली केलेला माणूस, म्हणजे आमच्या बाजारपेठेतला. मुरुड तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यात होते. जुनी माणसे त्या काळाला आजही रझाकारी म्हणतात, नुसता तो शब्द काढला तरी आवाज खाली जातो.

बाबासाहेबांनी करार होण्याच्या आधीच, त्याच नोव्हेंबरात, पाकिस्तानातल्या आणि हैदराबादेतल्या आपल्या लोकांना उद्देशून पत्रक काढले होते. जिवाच्या भीतीने किंवा आमिषाने धर्म बदलू नका, आणि हैदराबादेत निजामाची बाजू घेऊन समाजाला बट्टा लावू नका, असा त्याचा आशय. पाकिस्तानात तर सफाईचे काम करणाऱ्या आपल्या माणसांना अत्यावश्यक सेवेतले ठरवून भारतात येऊ दिले जात नव्हते. त्याबद्दल त्यांनी डिसेंबरात पंतप्रधान नेहरूंना पत्र लिहिले. फाळणीच्या धामधुमीत या लोकांची चौकशी करायला दुसरे कुणी मोकळे नव्हते.

हैदराबादेतले आपले सगळेच पुढारी त्यांच्या मागे गेले नाहीत. बी. एस. व्यंकटराव निजामाच्या मंत्रिमंडळात होते. औरंगाबादचे बी. श्यामसुंदर निजामाच्या शिष्टमंडळातून संयुक्त राष्ट्रांत गेले. त्यांना गद्दार म्हणून मोकळे होणे सोपे आहे. पण गावातल्या पाटलाची भीती ज्याला निजामाच्या फौजदारापेक्षा जास्त वाटत होती त्याच्या जागी उभे राहून पाहिले तर गोष्ट तितकी सरळ राहत नाही. बाबासाहेबांना ही भीती ठाऊक होती, म्हणून तर त्यांना पत्रक काढावे लागले. त्यांचा निर्णय मात्र वेगळा होता.

13 सप्टेंबर 1948 ला भारतीय फौजा सोलापूरकडून आणि इतर बाजूंनी आत आल्या. 17 सप्टेंबरला निजाम शरण आला. त्या दिवशी आपण झेंडावंदन करतो आणि केलेच पाहिजे. पण त्यानंतरच्या आठवड्यांत काय झाले तेही आपल्या इतिहासात आहे. सरकारने पाठवलेल्या पंडित सुंदरलाल यांच्या शिष्टमंडळाने डिसेंबरात राज्य पाहिले आणि मृतांचा आकडा 27 हजार ते 40 हजार धरला. मारले गेले ते मुख्यतः मुसलमान, आणि सर्वांत जास्त झळ बसलेल्या चार जिल्ह्यांत उस्मानाबाद आणि नांदेड होते. रझाकारांनी छळले त्याचा सूड ज्याने कधी लाठीही उचलली नव्हती त्या शेजाऱ्यावर निघाला. तो अहवाल कित्येक वर्षे दाबून ठेवला गेला. एक फौज गेली तेव्हा एकाची बारी, दुसरी फौज आली तेव्हा दुसऱ्याची.

आणि महारवाडा? तो जिथे होता तिथेच होता. 1953 मध्ये आपल्या लोकांना याच मराठवाड्यात गायरानासाठी सत्याग्रह करून तुरुंगात जावे लागले. 27 जुलै 1978 नंतर नामांतराच्या विरोधात इथेच घरे जळली, तेव्हा तर झेंडाही आपला होता आणि पोलीसही आपलेच. बाबासाहेबांनी मात्र 1950 मध्येच औरंगाबादला कॉलेज सुरू केले होते, जे पुढे मिलिंद झाले. ज्या शहरात कंटिन्जंटच्या फौजेने कित्येक वर्षे तळ ठोकला होता, तिथे त्यांनी नागसेनवन उभे केले. या मागास मुलखाची शिक्षणाची भूक त्यांनी नेमकी ओळखली होती.

सप्टेंबर 1951 मध्ये त्यांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला. हिंदू कोड बिलामुळे दिला एवढेच आपल्याला पाठ असते. त्या निवेदनात परराष्ट्र धोरणाचाही भाग आहे. देशाचा महसूल साधारण 350 कोटी आणि त्यातले 180 कोटी फौजेवर, हा आकडा त्यांनी मांडला. जगात मित्र नाहीत, काश्मीरचा प्रश्न सोडवत नाही, म्हणून एवढी फौज पोसावी लागते आणि भुकेल्याच्या ताटातले त्यासाठी काढले जाते, असे त्यांचे म्हणणे होते. कोलंबियातला हिशेबनीस इथे पुन्हा दिसतो.

26 ऑगस्ट 1954 ला राज्यसभेत ते परराष्ट्र धोरणावर बोलले. चीनला ल्हासा घेऊ देऊन आपण चिनी फौज आपल्या सीमेवर आणून ठेवली, पंचशीलावर विसंबून राहू नका, असे त्यांनी बजावले. पंचशील हा बुद्धाच्या धम्मातला शब्द, तो माओच्या राजकारणात चालत नाही हे सांगणारा माणूस दोन वर्षांनी स्वतः पंचशील घेणार होता. गोव्यातून पोर्तुगीज कसे काढायचे यावरही ते बोलले. सुरुवातीलाच छोटी कारवाई करता आली असती, नाहीतर अमेरिकेने लुइझियाना विकत घेतले तसे विकत घ्या, किंवा वऱ्हाडासारखे भाड्याने घ्या. आमच्या मुलखाची ती जुनी जखम त्यांना उपायाचे उदाहरण म्हणून आठवली, हे वाचून आम्हाला क्षणभर हसू आले. पण त्यात त्यांचा स्वभाव आहे. फौज काढायची तर रक्त न सांडता काढण्याची जी वाट असेल ती आधी तपासा. गरज पडली तर बळ वापरायलाही त्यांची ना नव्हती. बुद्धाची अहिंसा म्हणजे हात बांधून बसणे, असा अर्थ त्यांनी कधीच लावला नाही.

14 ऑक्टोबर 1956 ला नागपुरात धम्मदीक्षा झाली. पुढच्या काही दिवसांत हंगेरीत उठाव झाला आणि नोव्हेंबरच्या सुरुवातीला रशियन रणगाड्यांनी तो चिरडला. 20 नोव्हेंबरला बाबासाहेब काठमांडूला जागतिक बौद्ध परिषदेत उभे होते. अंग थकलेले, मधुमेहाने पोखरलेले. विषय बुद्ध आणि कार्ल मार्क्स. दुःख आणि शोषण संपवण्याचे ध्येय दोघांचे जवळचे आहे, असे ते मांडत होते. मग त्यांनी हिंसेच्या जोरावर उभ्या केलेल्या व्यवस्थेबद्दल विचारले की जोर काढून घेतला की ती कशावर टिकणार? लोकांच्या मनात काही बदललेले नसेल तर शिपाई निघून गेल्यावर काय उरते? मार्क्सच्या अनुयायांकडे याचे उत्तर नाही, असे त्यांचे मत होते. त्यांचे उत्तर धम्म हे होते, म्हणजे माणसाने माणसाशी कसे वागायचे याची आतून आलेली शिस्त.

ते सोळा दिवसांनी गेले. पुढच्याच वर्षी, 1957 मध्ये, श्रीलंकेत पंतप्रधान बंदरनायके यांनी त्रिंकोमाली आणि कटुनायके इथले इंग्रजांचे तळ परत घेतले. ते बौद्ध बहुसंख्याकांच्या पाठिंब्यावर निवडून आले होते. 1958 मध्ये त्याच देशात तमिळांची घरे जळली, आणि 1959 मध्ये एका भिक्खूनेच त्यांना गोळी घातली. नुसते बौद्ध म्हणवून घेतल्याने काठमांडूच्या प्रश्नाचे उत्तर मिळत नाही, हे आम्हाला आपल्या पोरांना सांगावे लागले. ते ऐकायला कुणालाच आवडले नाही, आम्हालाही नाही.

पुढच्या रविवारी आम्ही काठमांडूचे भाषण विहारात वाचले. अफगाणिस्तान काढणारा आणि तळ उठवा म्हणणारा, दोघेही होते. फौज निघालीच पाहिजे, पण जाणाऱ्याने आणि राहणाऱ्याने 1947 च्या निवेदनासारखे काही आधी लिहून घेतले पाहिजे, इथपर्यंत पहिला आला. दुसऱ्याने विचारले, आणि लिहिलेले पाळले नाही तर? त्यावर बराच वेळ बोलणे चालले. मग कुणीतरी घड्याळ पाहिले, कारण सोमवारी पहाटे पुन्हा पळायचे होते. भरती जवळ आली आहे.